पाठमोरी

प्रिय भिंगरी,

हे पत्र मी कपडे वाळवायच्या खोलीत बसून लिहिते आहे. हसू नकोस. या बेटावर सध्या ऊब असलेली ही एकच जागा आहे, आणि दहा जणांचे ओले मोजे सोडले तर इथे माझ्याशिवाय कोणी नाही. तीन दिवस झाले, बोट बंद आहे. वारा असा की बाहेरचं दार उघडायला दोन माणसं लागतात आणि लावायला तीन. तुझं पत्र आम्ही निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. नवे बूट घेतलेस, सवय व्हावी म्हणून ते घरात घालून फिरतेस आणि खालच्या मजल्यावरची बाई झाडूचा दांडा छताला आपटते, हे वाचून मी गाडीत एकटीच हसत सुटले. आमच्याकडे कायमची येताना मोजे किती आणू आणि राजीनामा तीस तारखेच्या आत नेमका कधी देऊ, असे दोन प्रश्न तू एका दमात विचारले आहेस. मोज्यांचं सोपं आहे. दुसऱ्यासाठी मात्र मला एवढे कागद लागणार आहेत. आज एकवीस तारीख. वारा पडला की पहिली सुटते ती टपालाची होडी. आमची बोट त्यानंतर. आम्ही उतरलोय त्या घराच्या मालकीणबाईंनी पत्र पहिल्या पिशवीत टाकायचं कबूल केलंय. तीस तारखेच्या आत ते तुझ्या हातात पडलंच पाहिजे.

फोन का नाही केला म्हणशील. इथे तो लागत नाही, आणि जिथे लागतो तिथे मी गाडीत यांच्या शेजारी असते आणि मागे आठ जण कान टवकारून बसलेले असतात. शिवाय फोनवर तू मला हसवतेस. मी हसते, आणि बोलायचं ते राहून जातं. गेले चार महिने असंच चाललंय.

शेजारच्या जेवणाच्या खोलीत तुझ्या भावोजींचा फोटोग्राफीचा वर्ग सुरू आहे. भिंत पातळ आहे, शब्दन् शब्द ऐकू येतो. ढग कसा वाचायचा, उजेड कसा थांबून घ्यायचा, घाई कशी करायची नाही. गोड बोलतात गं. एकोणीस वर्षांत गिऱ्हाइकावर एकदा आवाज चढलेला मी ऐकला नाही. यावेळच्या गटात एक निवृत्त न्यायाधीश आहेत, ते दर वाक्याला मान डोलावतात. दोघी जावा आहेत, त्या एकाच ठिकाणचे फोटो काढून कोणाचा चांगला आला यावर दिवसभर फुरंगटून बसतात. आणि एक दाताची डॉक्टर आहे, एकटी आलेली, कमी बोलणारी. बाकीच्या चौघांची मला अजून नावं आणि कॅमेरे जुळवता येत नाहीत. पहिल्या दिवशी अडकलो तेव्हा सगळ्यांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी पत्ते निघाले. आज एकमेकांच्या चघळण्याचा आवाजही सहन होईनासा झालाय. खिडकीला सारखं धुकं धरतं, ते पुसलं की बाहेर राखाडी पाणी दिसतं, म्हणून आता कोणी पुसतही नाही.

आता माझ्या कामाचं सांगते. हे मी तुला कधी नीट सांगितलेलं नाही. गाडी चालवते, डबे भरते, ओल्या छत्र्या झटकते, हे तुला ठाऊक आहे. पण तू चष्म्याच्या दुकानात भिंतीवर आमचं कॅलेंडर लावलंयस ना? गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर नवी काच चढवली की तू त्याला विचारतेस, तो डोंगराखालचा लाल ठिपका दिसतोय का? आणि दिसला की सांगतेस, ती माझी ताई. तो ठिपका हेच माझं खरं काम. बाराही महिन्यांच्या बाराही चित्रांत मी आहे. तुझे भावोजी म्हणतात, डोंगर केवढा आहे हे डोंगराला सांगता येत नाही, त्यासाठी पायथ्याशी एक माणूस उभं करावं लागतं. ते माणूस मी. लाल जाकीट घालायचं, दोनशे-तीनशे पावलं दूर जायचं, कॅमेऱ्यांकडे पाठ करायची आणि उभं राहायचं. चेहरा नको असतो. चेहरा दिसला की बघणारा चेहऱ्याकडे बघत बसतो आणि डोंगर राहतो बाजूला.

पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मी अडतीस वर्षांची होते, आणि मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते. पहिलाच गट होता, तिघंच जण. त्यांच्यातल्या एकानं तक्रार केली की तुमच्या फोटोंतला कडा आहे का दगड तेच कळत नाही. यांनी गाडीतलं कोणाचं तरी लाल जाकीट मला चढवलं आणि म्हणाले, जा, त्या कड्याखाली उभी राहा. संध्याकाळी तो फोटो सगळ्यांनी पुन्हा पुन्हा मागून बघितला. मला वाटलं, माझ्या नवऱ्याला माझ्यावाचून डोंगर अपुरा वाटतो. तू तेव्हा फोनवर म्हणाली होतीस, ताई, तू तर मॉडेल झालीस, आता आम्हाला ओळख दाखवशील का? मी आठवडाभर हवेत होते.

उभं राहणं सोपं नाही, बरं का. तुला तर दोन मिनिटं एका जागी बसवत नाही, उगीच नाही आजीनं तुझं नाव भिंगरी ठेवलं. पाणी धुरासारखं मऊ दिसावं म्हणून हे लोक कॅमेऱ्याचा डोळा चार-चार मिनिटं उघडा ठेवतात. तेवढ्यात माणूस हलला तर भुतासारखा पुसट येतो, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. नाक खाजलं तरी हात वर न्यायचा नाही. शिंक आली तर गिळायची. सुरुवातीला मी पाढे म्हणायची. मग आईच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे ओळीनं आठवायची, कोणत्या डब्यात काय होतं ते. अलीकडे काहीच आठवत नाही, नुसती उभी असते. जगातली सुंदर ठिकाणं मी पाहिलीत असं लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही. फक्त ती बघताना माझ्या शेजारी कधी कोणी नसतं. सगळे माझ्या मागे असतात.

आमच्या खुणा ठरलेल्या आहेत. यांनी एक हात वर केला की तशीच थांब. शिट्टी वाजली की संपलं, परत ये. दोन्ही हात आडवे केले की जरा सरक. गुडघे दुखायला लागल्यापासून मी मधूनमधून हळूच मान वळवून शिट्टीची वाट बघते, त्यावरून यांचं माझं एक-दोनदा वाजलंही आहे.

आता सहा दिवसांपूर्वीचं सांगते. आधीच्या बेटावर एक वाळूची पट्टी आहे, ओहोटीला उघडी पडते, आणि तिच्या टोकाला एक बसका खडक. पावणेचारपर्यंत वाट कोरडी असते. मी तीनलाच जाऊन उभी राहिले. पण उजेड आला नाही. उजेड आला नाही की थांबायचं, हा या धंद्याचा पहिला धडा. गिऱ्हाईक त्यासाठीच तर लांबून येतं. चार वाजायला आले असतील, ढगाला एक फट पडली आणि खाली सगळं पितळी झालं. मागून कोणाचा तरी आनंदाचा ओरडा ऐकू आला. त्याच सुमाराला माझ्या बुटात पाणी शिरलं. मी खाली बघितलं, मग मागे वळले. पट्टी नव्हती. म्हणजे पट्टीच्या जागी पाणी होतं, आणि पाण्यापलीकडे कॅमेऱ्यांच्या आठ तिवया आणि आठ वाकलेली डोकी. मी हात हलवला. यांनी बघितलं. यांनी एक हात वर केला.

भिंगरी, आणि मी पुन्हा पाठ केली.

खरं सांगते, भीती वाटत होती. तरी मी पाठ केली, खांदे सरळ केले आणि उभी राहिले. पाणी घोट्यावर आलं, मग पोटरीवर. थंडी इतकी की पाय आहेत का नाहीत ते कळेना. मनात एकच, आता हलले तर सगळ्यांचा फोटो जाईल. मी चार मिनिटं मोजली. शिट्टी नाही. पुन्हा चार मोजली. त्या उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं की यांनी मला काय सांगायचं त्याच्या खुणा आमच्या आहेत, पण मी यांना काही सांगायचं असेल तर त्याची खूणच नाही. एकोणीस वर्षांत ठरवायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

डॉक्टरच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली म्हणून मी वाचले. तिला बघायला काच उरली नाही, म्हणून तिनं नुसत्या डोळ्यांनी बघितलं आणि किंचाळली. मग हे धावत आले. यांना वाईट ठरवू नकोस, हे खरोखर धावत आले, कमरेइतक्या पाण्यातून, बूट-कोटासकट. माझा हात इतका घट्ट धरला होता की अजून मनगटावर काळंनिळं आहे. आणि काठावर आल्यावर म्हणाले, "अगं वेडे, हाक का नाही मारलीस?" वाऱ्यात हाक पोचली नसती हे खरं, पण मी मारलीच नव्हती हेही खरं. मी म्हटलं, "चुकलंच माझं." आणि यांनी मला जवळ घेतलं.

संध्याकाळी मला पांघरुणात गुंडाळून, हातात गरम दूध देऊन सगळ्यांबरोबर बसवलं आणि भिंतीवर दिवसाचे फोटो दाखवले. न्यायाधीशांचा सगळ्यात सरस आला होता. चारी बाजूंनी सोनेरी धूर, आणि मधोमध एक लाल बाई, पाण्यावर उभी, जराही न हललेली. मग टाळ्या पडल्या. उठून उभे राहिले गं सगळे. तो फोटो मलाही आवडला, हे तुला सांगायची लाज वाटते. यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "एकोणीस वर्षांत असा झाला नव्हता." पुढच्या वर्षीच्या जाहिरातीवर तोच जाणार. आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या प्रत्येकाला तोच हवा असणार, तेव्हा वेळ नीट बघून हे पुन्हा करायचं, असंही तिथल्या तिथे ठरलं. "तोवर तुझी बहीण आलेली असेल," हे मला म्हणाले, "तुला काठावर बसता येईल." मी भिंतीकडे बघितलं. पाठमोऱ्या तू आणि मी सारख्याच दिसतो. आईसुद्धा फसायची. त्या खडकावर मला तू दिसलीस, आणि मी दूध खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी या बेटावर येताना बोटीवर डॉक्टर माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "एक विचारू? तुम्ही मागे वळलात, पाणी बघितलंत आणि पुन्हा पाठ केलीत. का?" बाकी सगळ्यांनी मला विचारलं होतं की थंडी वाजली का, भीती वाटली का, नशीब बलवत्तर म्हणायचं. हे हिनं एकटीनं विचारलं. मी म्हटलं, फोटो बिघडला असता. तिनं मान हलवली, जणू दात किडलाय हे तिला आधीच दिसलं होतं. नंतर तिच्या पिशवीतले कोरडे मोजे काढून माझ्या मांडीवर ठेवले. तेच आत्ता माझ्या पायात आहेत.

तेव्हापासून मी या घरात अडकले आहे, आणि वारा हे त्याचं अर्धंच कारण आहे. जिन्यावरून खाली गेले की तो फोटो पडद्यावर असतो, हे त्यात रंग भरत असतात आणि मला विचारतात, लाल आणखी गडद करू का? मी म्हणते, करा. परवा जाकीट वाळत घालताना मनात आलं की याला आत्ता कात्रीनं उभं फाडावं. मग दोरीला चिमटा लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन आठ जणांचं सार ढवळलं. बंडाची माझी हिंमत तेवढीच. रागवावं तर माणूस वाईट नाही. वाईट असता तर मी केव्हाच काढता पाय घेतला असता. अंगावरची चादर माझ्याकडे सरकवून स्वतः कुडकुडणारा माणूस आहे हा. फक्त तिवईमागे गेला की मी त्याला माणूस म्हणून दिसत नाही, आणि आमचं निम्मं आयुष्य तिवईमागे गेलं.

म्हणून, राजीनामा देऊ नकोस. दिला असशील तर आजच्या आज मागे घे. तुझा मालक कितीही तोंड वाकडं करून बसला तरी बावीस वर्षांत त्याला तुझ्यासारखी काच बसवणारी मिळालेली नाही, तो नाक घासत देईल परत. तुझ्या दोन खोल्या सोडू नकोस. मला माहीत आहे, तू म्हणशील, त्या खोल्यांत मला कोण आहे? संध्याकाळी दुकानाची पाटी फिरवून घरी गेलं की किल्लीचा आवाज तेवढा ऐकू येतो, असं तू लिहिलं होतंस. पण तिथे तुला वाटेल तेव्हा उठता-बसता येतं. कंटाळा आला की तू खाली फुलवालीशी भांडून येतेस. गिऱ्हाईक तुझ्याकडे नजर वर करून बघतं आणि म्हणतं, आता सगळं स्पष्ट दिसतंय. तुझा चेहरा बघणारी रोज वीस माणसं आहेत, भिंगरी. इथे आलीस तर एकही उरणार नाही, मीसुद्धा नाही, कारण मी काठावर दूर बसलेली असेन.

आता जे सांगायला बसले ते सांगते. भावोजींनी तुला बोलावलं ते त्यांच्या मनानं नाही. हिवाळ्यात हाडांच्या डॉक्टरांनी माझे गुडघे बघून उभं राहणं बंद करा म्हटलं, त्या दिवशी घरी येताना गाडीत मीच यांना म्हटलं, भिंगरीला बोलवा. ही नाही म्हणणार नाही, एकटी आहे, अंगकाठी माझ्यासारखीच आहे, मागून कोणाला फरक कळणार नाही. हे शब्द माझे आहेत. हे आधी नको म्हणत होते, तिची नोकरी आहे म्हणाले. यांनी पाठवलेलं पत्रही मीच तोंडी सांगितलं आणि यांनी लिहिलं. 'तुझ्यावाचून आमचं घर अपुरं आहे' हे वाक्य वाचून तू रडलीस ना, ते कुठे लागेल हे मला ठाऊक होतं म्हणूनच मी ते घातलं. मला तुझी सोबत हवी होती, यात खोटं नाही, पण त्याच्या आधी मला माझ्या जागी उभं करायला कोणीतरी हवं होतं. मला सुटायचं होतं आणि मी तुला विकायला निघाले होते. याबद्दल माफी मागायची कशी ते मला येत नाही. तू मला वाटेल ते बोल, महिनाभर बोलू नकोस, कॅलेंडर काढून फेक. आणि एवढं ऐकून घेतल्यावर, मला तुझ्याकडे काहीतरी मागायचं आहे, निर्लज्जपणे. मी यांना सोडून निघते असं माझ्या तोंडून निघणार नाही, मी स्वतःला ओळखते. पण बहिणीनं बोलावलंय, हे मला म्हणता येईल. एवढं मी म्हणू शकेन. सत्तावीस तारखेपासून तीन दिवस आम्ही वरच्या पठारावरच्या मुक्कामी आहोत, तिथला नंबर शेवटच्या कागदाच्या मागे लिहिला आहे. फोन हे उचलतील. त्यांना सांग, ताईशी बोलायचं आहे. मी आले की हसवू नकोस. आधी शिव्या दे, पोटभर दे, मी सगळ्या ऐकून घेईन. आणि मग, मन झालं तर, मला फक्त ये म्हण.

तुझीच,
ताई